ट्यूब अ‍ॅम्प स्वतः डिझाइन करायचाय, पुस्तक कोणतं घेऊ?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकला सिडकोत राहणारे एक वाचक, वय ३१. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं काम. कॉलेजपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतात, शनिवार-रविवारी मित्रांच्या बँडबरोबर सराव असतो. मुंबईतल्या एका स्टुडिओत ट्यूब अ‍ॅम्पवर (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूब म्हणजेच व्हॉल्व्ह वापरणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर) वाजवायला मिळालं आणि तेव्हापासून तो आवाज डोक्यातून जात नाही. तयार अ‍ॅम्प परवडत नाही, शिवाय स्वतः डिझाइन करून बनवायची हौस आहे. त्यासाठी पाच इंग्रजी पुस्तकांची यादी केली आहे, पण पैसे एकाच पुस्तकापुरते आहेत. एक मित्र म्हणतो, १९५०च्या दशकातला तो जाडजूड ग्रंथ वाचल्याशिवाय सोल्डरला हात लावू नकोस. दुसरा म्हणतो, पुस्तक कशाला, सरळ किट मागव. "डिप्लोमात व्हॉल्व्ह शिकवलेच नाहीत, गणित बेताचं आहे. शून्यापासून ४० वॅटचा अ‍ॅम्प डिझाइन करता येईल असं एकच पुस्तक सांगा," अशी त्यांची विनंती आहे. शेवटी एक ओळ आहे: घरात तीन वर्षांची मुलगी आहे, आणि "चारशे व्होल्ट घरात नकोत" असं वडिलांनी बजावलं आहे.

नमस्कार.

तुमच्या यादीतली पाचही पुस्तकं आपापल्या जागी चांगली आहेत, तेव्हा भलत्याच पुस्तकावर पैसे जातील ही भीती आधी मनातून काढा. पण ती पाच वेगवेगळ्या वाचकांसाठी लिहिलेली आहेत. "सगळ्यांत चांगलं कोणतं?" असं विचारलं की जो तो स्वतःला उपयोगी पडलेलं नाव सांगतो, तुमच्या मित्रांनी तेच केलंय. आपण दुसऱ्या टोकाने सुरुवात करू. तुम्ही नेमकं काय बनवणार आहात ते आधी ठरवू, मग यादी आपोआप आखडत येईल.

४० वॅट हा आकडा कुठून आला? बहुधा स्टुडिओतल्या त्या अ‍ॅम्पवरूनच. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट साधारण दहापट वाढवावे लागतात. ५ वॅट आणि ४० वॅट यांत फरक पडतो फक्त ९ डेसिबलचा. गिटारचे स्पीकर मुळातच जोरकस असतात, एका वॅटला एक मीटर अंतरावर ९७ ते १०० डेसिबल देणारे. म्हणजे ५ वॅटवरसुद्धा १०४ डेसिबलच्या पुढे आवाज जातो. सिडकोतल्या सामाईक भिंतीच्या घरात हे पुरून उरेल, आणि बँडच्या खोलीतही फार कमी पडणार नाही. शिवाय स्टुडिओत तुम्हाला जो आवाज आवडला, त्यात आउटपुट व्हॉल्व्ह पूर्ण ताकदीने ओढला जाण्याचा मोठा वाटा असतो. ४० वॅटचा अ‍ॅम्प घरी त्या टोकापर्यंत कधी नेताच येणार नाही. ५ वॅटचा रोज नेता येईल.

डिझाइनच्या दृष्टीने तर फरक याहून मोठा आहे. ४० वॅटसाठी ६एल६ किंवा ईएल३४ या मोठ्या व्हॉल्व्हची जोडी पुश-पुलमध्ये (आलटून-पालटून काम करेल अशी) लावायची, त्यासाठी सिग्नलच्या दोन परस्परविरुद्ध प्रती करणारा फेज इन्व्हर्टर करायचा, दोन्ही व्हॉल्व्हचा बायस (सिग्नल नसताना त्यांतून किती करंट वाहावा ते) जुळवायचा, मोठे ट्रान्सफॉर्मर करून घ्यायचे. पहिल्याच कामात हे सगळं एकदम अंगावर येतं. त्याऐवजी फेंडर या अमेरिकी कंपनीच्या ५एफ१ चॅम्पचं सर्किट पाहा. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातला हा अ‍ॅम्प: पुढे एक १२एएक्स७, आउटपुटला एक ६व्ही६, रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) एक ५वाय३. तीन व्हॉल्व्ह, साधारण ५ वॅट, आणि अख्खं सर्किट एका पानावर. माझा आग्रह आहे की पहिला अ‍ॅम्प या घराण्यातलाच असू द्या.

इथे तुम्ही म्हणाल, मग डिझाइन कुठे राहिलं, ही तर नक्कल झाली. "शून्यापासून" या शब्दावर तुमचा फार जीव आहे, म्हणून इथे जरा थांबतो. या क्षेत्रात कोऱ्या कागदापासून सुरुवात जवळपास कुणीच केलेली नाही. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात जो पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला, तो फेंडरच्या ५एफ६-ए बॅसमनवरून बनवलेला होता. पण तिथे मिळणारे भाग वेगळे होते. बॅसमनच्या पहिल्या टप्प्यात १२एवाय७ होता, त्याचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर (सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढवू शकतो तो आकडा) चाळीसच्या आसपास. मार्शलमध्ये त्या जागी ईसीसी८३ आला, त्याचा १००. दहा इंची चार जेन्सन स्पीकरांच्या जागी बंद पेटीत बारा इंची चार सेलेस्टियन आले. ट्रान्सफॉर्मर ब्रिटिश आले. कागदावर सर्किट जवळपास तेच राहिलं, आणि त्यातून निघालेल्या आवाजावर पुढे रॉकची एक अख्खी पिढी वाजत राहिली. एका जागी एक भाग बदलला तर पुढे काय काय हलतं, हे आधीच सांगता येणं म्हणजे डिझाइन. जे पुस्तक तुम्हाला हे सांगायला शिकवेल, तेच तुमचं पुस्तक.

आता "व्हॉल्व्ह शिकवलेच नाहीत" याबद्दल. डिप्लोमाला जेएफईटी (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) शिकलात ना? सोर्सला रेझिस्टर लावून सेल्फ-बायस केलेला एन-चॅनल जेएफईटीचा अ‍ॅम्प्लिफायर आठवा. गेटच्या जागी ग्रिड, सोर्सच्या जागी कॅथोड, ड्रेनच्या जागी प्लेट ठेवा. ट्रायोडचा (या तीन टोकांच्या व्हॉल्व्हचा) गेन स्टेज, म्हणजे सिग्नल वाढवणारा टप्पा, तयार. व्होल्टेज दहा-वीसपट जास्त आणि करंट मिलिअँपिअरभर, शिवाय कॅथोड तापवायला ६.३ व्होल्टचा हीटर. लोड लाइनसुद्धा तुम्ही ट्रान्झिस्टरसाठी काढलेली आहे. तेच काम इथे आहे, आणि खरं सांगायचं तर व्हॉल्व्हमध्ये ते जास्त सोपं वाटतं.

पुस्तक मागवण्याआधी, या रविवारीच, एक पैसाही खर्च न करता एक गोष्ट करून पाहा. १२एएक्स७ची डेटाशीट इंटरनेटवर मोफत मिळते. त्यातला प्लेट व्होल्टेज आणि प्लेट करंटचा आलेख छापून घ्या. सप्लाय ३०० व्होल्टचा आणि प्लेटला १०० किलोओहमचा रेझिस्टर धरा. प्लेटवर शून्य व्होल्ट उरले तर करंट ३ मिलिअँपिअर. करंट शून्य असेल तर प्लेटवर पूर्ण ३०० व्होल्ट. हे दोन बिंदू पट्टीने जोडा, हीच लोड लाइन. आता कॅथोडला १.५ किलोओहम लावलाय असं समजा. करंट सुमारे १ मिलिअँपिअर असेल तर कॅथोड दीड व्होल्टवर चढतो, म्हणजे कॅथोडच्या मानाने ग्रिड उणे दीड व्होल्टवर जातो. तुमची रेषा आणि उणे दीडची वक्ररेषा जिथे छेदतात तिथे प्लेटवर २०० व्होल्टच्या आसपास मिळतील. तिथून ग्रिड अर्धा व्होल्ट वर आणि अर्धा व्होल्ट खाली सरकवून प्लेट किती हलते ते मोजा. साधारण साठपट उत्तर येईल. सूत्राने पडताळा: फॅक्टर १००, त्याला १०० किलोओहमने गुणा, आणि १०० अधिक व्हॉल्व्हचा स्वतःचा सुमारे ६२ किलोओहम, या बेरजेने भागा. तेवढंच येतं. यात ओहमचा नियम आणि भागाकार यापलीकडे काही नाही. गणित बेताचं असल्याची तुमची काळजी मला त्यामुळे अनाठायी वाटते. हा आलेख तुम्ही तासाभरात काढला, तर यादीतली निदान दोन पुस्तकं तुम्ही आजच वाचू शकता.

आता पुस्तकं.

माझं उत्तर मर्लिन ब्लेन्को यांचं 'डिझायनिंग ट्यूब प्रीअ‍ॅम्प्स फॉर गिटार अँड बेस'. २००९ साली ते आलं, सुधारित दुसरी आवृत्ती २०१२ची. घेताना दुसरीच घ्या. वर सांगितलेल्या लोड लाइनपासूनच ते सुरू होतं आणि एकेका भागाची किंमत तीच का, याचा पिच्छा सोडत नाही. एकच उदाहरण देतो. कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर एक कपॅसिटर असतो. फेंडरमध्ये बहुतेक ठिकाणी तो १.५ किलोओहमवर २५ मायक्रोफॅरड, मार्शलच्या काही टप्प्यांत २.७ किलोओहमवर फक्त ०.६८ मायक्रोफॅरड. तो काढूनच टाकला तर आपल्या वरच्या उदाहरणातला साठपट गेन तीसच्या आसपास येतो. २५ मायक्रोफॅरड लावला तर सगळ्या स्वरांना पूर्ण गेन मिळतो, कारण गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची आणि हा कपॅसिटर त्याच्या कितीतरी खालपर्यंत पुरतो. ०.६८ लावला तर खर्जाला कमी गेन, वरच्या स्वरांना जास्त. मग पुढच्या टप्प्यात आवाज फाटतो तेव्हा खर्ज चिखल करत नाही. एवढं समजलं की कपॅसिटर निवडणं तुमच्या हातात येतं, आणि इथून पुढे तुम्ही नक्कल करत नाही.

या पुस्तकाची मर्यादा त्याच्या नावातच आहे: प्रीअ‍ॅम्प, म्हणजे आउटपुटच्या आधीचे टप्पे. आउटपुट टप्पा त्यात नाही. पण तुम्ही एकच ६व्ही६ किंवा ईएल८४ लावणार असाल तर ही उणीव भरून काढता येते. ६व्ही६च्या डेटाशीटमध्येच दिलंय की २५० व्होल्ट आणि ५ किलोओहमच्या लोडवर साडेचार वॅट मिळतात. लोड लाइन तीच, फक्त व्हॉल्व्ह मोठा आणि लोडच्या जागी ट्रान्सफॉर्मर. पॉवर सप्लायवर ब्लेन्को यांचं २०१०चं स्वतंत्र पुस्तक आहे. ते दुसऱ्या अ‍ॅम्पच्या वेळी घ्या, पहिल्याला त्याच्यावाचून अडणार नाही.

तुमच्या यादीत रिचर्ड कुनेल यांचं बॅसमन ५एफ६-एवरचं पुस्तकही आहे. एकाच अ‍ॅम्पचं इनपुटच्या जॅकपासून स्पीकरपर्यंत टप्प्याटप्प्याने विश्लेषण, बीजगणित भरपूर. ज्यांना समीकरणांत रमायला आवडतं आणि एक सर्किट मुळापासून समजून घ्यायचंय त्यांनी तेच आधी घ्यावं. तुमचा कल पत्रावरून तसा वाटला नाही.

मॉर्गन जोन्स यांचं 'व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर्स' (पहिली आवृत्ती १९९५, चौथी २०१२) फार मोलाचं आहे, पण ते हाय-फायसाठी लिहिलेलं आहे. तिथे आवाज जराही बिघडू नये यासाठी सगळी धडपड असते. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये आवाज कुठे, कसा आणि किती बिघडवायचा हाच खरा प्रश्न. यादीतलं पाचवं, जुन्या अ‍ॅम्पचे फोटो आणि हकीकतींचं, ते हौसेने चाळायचं पुस्तक आहे. डिझाइनसाठी त्यावर पैसे घालू नका.

आणि मित्राने सांगितलेला तो ग्रंथ: एफ. लँगफोर्ड-स्मिथ यांनी संपादित केलेलं 'रेडिओट्रॉन डिझायनर्स हँडबुक', चौथी आवृत्ती, सिडनीहून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेली, चौदाशेहून जास्त पानांची. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. व्हॉल्व्हच्या काळातलं जवळपास सगळं शहाणपण त्यात आहे, आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर त्याच्याइतकं सविस्तर क्वचितच कुठे मिळतं. पण ते त्या काळातल्या कामावरच्या इंजिनिअरांसाठी रचलेलं आहे, आणि मुळात रेडिओसाठी. पहिल्या पानापासून वाचत गेलात तर गिटारपर्यंत पोहोचण्याआधी उमेद संपेल. त्याच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर वाचायला मिळतात, तेव्हा पैसे घालण्याचा प्रश्नच नाही. एखादी शंका अडली की तेवढंच प्रकरण उघडायचं. मित्राला दुखवू नका. त्याचा सल्ला दोन वर्षांनी तुम्हाला पटेल.

किट सुचवणाऱ्या मित्राबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ज्याने कधी सोल्डर केलेलं नाही अशा वाचकाने पहिल्यांदा किटच घ्यावं. हात बसतो, चुका कमी होतात. तुमचा हात मात्र रोजच्या कामाने बसलेला आहे. पॅनलमध्ये पॉवरच्या आणि कंट्रोलच्या वायरी वेगळ्या वाटेने नेता, अर्थिंग एका ठिकाणी आणता, वायरी पीळ देऊन बांधता. हीटरच्या वायरी पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्यायच्या आणि ग्रिडच्या वायरीपासून दूर ठेवायच्या, हे पुस्तकात वाचाल तेव्हा तुम्हाला ओळखीचंच वाटेल. किटने जे शिकवायचं ते तुम्हाला येतं. उरलाय तो "का", आणि तो पुस्तकातच आहे.

ज्यांची यादी वेगळी आहे अशा वाचकांनी कोणतंही पुस्तक घेण्यापूर्वी त्याची नमुना पानं मिळवून तीन गोष्टी शोधाव्यात. कॅथोडच्या रेझिस्टरची किंमत नुसती दिलीय की ती कशी आली तेही सांगितलंय? टप्पा ओव्हरलोड झाला की काय होतं, यावर लेखक बोलतो का? ग्रिड कॅथोडपेक्षा वर गेला की ग्रिडमधून करंट वाहू लागतो, मागचा कपलिंग कपॅसिटर चार्ज होतो, बायस सरकतो आणि स्वर क्षणभर गुदमरून परत येतो. गिटारच्या अ‍ॅम्पवरच्या पुस्तकात हे नसेल तर ते अपुरं आहे. आणि तिसरं, पुस्तक कोणत्या देशातल्या विजेसाठी लिहिलंय.

या तिसऱ्या गोष्टीकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. नुसता व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही, कारण केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० हर्ट्झवर लवकर सॅच्युरेट होतो (चुंबकीयदृष्ट्या भरून जातो) आणि तो तापतो. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर तिकडे १२० हर्ट्झची रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) असते, आपल्याकडे १०० हर्ट्झची. तेवढ्याच कपॅसिटरवर ती आपल्याकडे २० टक्के जास्त राहते. अमेरिकी पुस्तकातला फिल्टर कपॅसिटर म्हणूनच जसाच्या तसा न उचलता एक पायरी मोठा घ्या. घरात व्होल्टेज २४५पर्यंत जात असेल तर ६.३चा हीटर ६.७वर जातो. दहा टक्क्यांपर्यंत चालतं, पण ट्रान्सफॉर्मर करून घेताना हे धरून चला.

ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. अंबड-सातपूरला वायंडिंगचं काम करणारे छोटे कारखाने आहेत, आणि तुमचा तर रोजचा रस्ताच तिथून जातो. मेन्स ट्रान्सफॉर्मर तिथे करून घ्या: हाय टेन्शनला (प्लेटच्या उच्च व्होल्टेजला) मधला टॅप असलेलं वायंडिंग, ६.३ व्होल्टचं हीटरचं, आणि ५वाय३ वापरणार असाल तर ५ व्होल्टचं वेगळं. करंट किती लागेल ते आधी स्वतः मोजून लिहून न्या. घेताना मेगर मारून प्रायमरी, सेकंडरी आणि गाभा यांतलं इन्सुलेशन तपासून घ्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला वेगळी काळजी लागते. सिंगल-एंडेड (एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या) सर्किटमध्ये त्यातून सतत डीसी वाहतो, म्हणून गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते. पत्र्यांची नेहमीसारखी आलटून-पालटून रचना केली तर गाभा सॅच्युरेट होऊन आवाज पातळ पडेल. वायंडिंगवाल्याला हे समजावून सांगता आलं नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर तयारच मागवा.

बाकीचे भाग अवघड नाहीत. रेझिस्टर, कपॅसिटर एम. जी. रोडवर मिळतील, न मिळाल्यास पंचवटी एक्स्प्रेसने दादर आणि तिथून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. व्हॉल्व्ह नवे मिळतात, स्लोव्हाकियाची जेजे कंपनी अजून बनवते. जुन्या रेडिओतलेही चालतील. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एकेकाळी व्हॉल्व्ह बनवले. पुस्तकात १२एएक्स७ लिहिलेलं असेल आणि तुमच्या हातात ईसीसी८३ असेल तर तो तोच व्हॉल्व्ह. ६बीक्यू५ म्हणजे ईएल८४, ५एआर४ म्हणजे जीझेड३४. पण आजोबांचा रेडिओ उघडून सुरुवात करणाऱ्यांनी एक पाहावं: व्हॉल्व्हच्या नावाची सुरुवात "यू" अक्षराने होत असेल, उदाहरणार्थ यूएल८४ किंवा यूसीएल८२, तर तो सेट बहुधा ट्रान्सफॉर्मरविना थेट मेन्सवर चालणारा असतो आणि त्याची चासी लाइव्ह असू शकते. त्यात गिटारची पिन कधीही घालू नका.

ही पुस्तकं आपल्या दुकानांत सहसा दिसत नाहीत, बाहेरून मागवावी लागतात. बजेट धरताना टपालखर्चासकट आकडा पाहा. ते येईपर्यंत डेटाशीट आहेतच. पुण्या-मुंबईच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी ओळखीचं असेल तर ग्रंथालयात टर्मन यांचं 'इलेक्ट्रॉनिक अँड रेडिओ इंजिनिअरिंग' आहे का ते विचारा. १९५५ची चौथी आवृत्ती. व्हॉल्व्हची मूलतत्त्वं त्यात सविस्तर आहेत.

आता वडिलांचं म्हणणं. त्यांची भीती खरी आहे आणि तुम्ही ती पत्रात शेवटच्या ओळीत टाकलीत, हे मला खटकलं. मी वर ५ वॅटचा अ‍ॅम्प सुचवला म्हणून धोका कमी झाला असं समजू नका. चॅम्पमध्येही साडेतीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि जीव घ्यायला ते पुरेसे आहेत. पॅनलच्या कामाची सवय इथे दोन बाबतींत दगा देते. एक म्हणजे, पॅनलमध्ये सप्लाय पाडला की बहुतेक वेळा विषय संपतो; इथे प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर भरलेले राहतात. दुसरं, घरात आरसीसीबी (करंटची गळती ओळखून सप्लाय पाडणारा ब्रेकर) आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर शॉक बसला तर तो करंट मेन्सच्या बाजूला परतत नाही, आरसीसीबीला काही कळतच नाही आणि तो पडत नाही.

म्हणून पहिल्या फिल्टर कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून टाका. ४७ मायक्रोफॅरडवर त्याचा टाइम कॉन्स्टंट सुमारे १० सेकंदांचा, म्हणजे मिनिटभरात ३५० व्होल्ट जवळजवळ शून्यावर येतात. तरीही दर वेळी मीटरने मोजल्याशिवाय हात आत घालायचा नाही. रेझिस्टरचा टाका सुटलेला असू शकतो. पुस्तकानंतर उरलेल्या पैशांतून पहिली खरेदी करा ती कॅट-३, ६०० व्होल्टच्या चांगल्या मल्टिमीटरची आणि इन्सुलेटेड क्लिपच्या प्रोबची. अ‍ॅम्प चालू असताना मोजायचं झालं तर काळी क्लिप आधी चासीला अडकवा आणि एकाच हाताने काम करा. चासीला थ्री-पिनची अर्थिंग, तीही घरातली अर्थिंग खरंच चालू आहे हे तपासून. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

मुलीसाठी: उघडी चासी बंद कपाटात, कुलपात. "पाच मिनिटांत येतो" म्हणून टेबलावर सोडायची नाही. काम ती झोपल्यावर करायचं, पण स्वतः पेंगत असाल त्या रात्री अजिबात नाही.

आणि अ‍ॅम्प पहिल्यांदा चालू कराल तेव्हा वडिलांना शेजारी बसवा. रिपेअरवाल्यांकडे असतो तसा सिरीज बोर्ड तयार करा, त्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटेल आणि अ‍ॅम्प वाचेल. सगळं ठीक असेल तर तो आधी उजळेल आणि मग मंद होईल. त्या बोर्डचा स्विच वडिलांच्या हातात द्या. बल्ब मंद झाला नाही तर लगेच स्विच पाडायचा, आणि तुम्ही कुठे चिकटलेले दिसलात तर तुम्हाला हात न लावता आधी तोच स्विच पाडायचा, हे त्यांना दोनदा सांगा आणि एकदा करून घ्या.